वाळूची पिशवी आणि नेमाची कसोटी

वसंतातल्या संध्याकाळी आपण येथे जमता ते संतवाङ्मय ऐकायला, अर्थकारणाची गुंतागुंत समजून घ्यायला, नाहीतर कोणी दूरदेशी जाऊन आला असेल तर त्याची हकीकत ऐकायला. अशा व्यासपीठावर बंदुकीचे नाव निघाले की काहींच्या कपाळाला आठी पडणार, हे मी धरून चाललो आहे. म्हणून आरंभीच सांगतो, की माझा विषय शिकार नाही आणि युद्धही नाही. मला एका पिशवीविषयी बोलायचे आहे. जाड कापडाची, घरी शिवलेली, वाळूने भरलेली पिशवी. तिची किंमत विचाराल तर जुन्या विजारीचा एक पाय आणि चार-पाच किलो वाळू. पण माझ्या हातून एका मुलीवर अन्याय होणार होता, तो या पिशवीने टाळला. तेव्हा तिचे ऋण मानून तिची माहिती आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या नेमबाजीच्या मैदानावर सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी शिकायला येत असे. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यावर ती पालथी झोपून नेम धरी. मेहनती होती, वेळेवर येई, सांगितलेले ऐके. एका पावसाळ्यानंतर मात्र तिचे गुण घसरू लागले. पाच गोळ्यांतल्या तीन एका जागी पडत आणि दोन भलतीकडे. मी तिला श्वास सांभाळायला सांगितले, चाप हळू ओढायला सांगितले, शेवटी मन एकाग्र नाही असेही सांगून टाकले. शिक्षकाला कारण सापडले नाही की तो विद्यार्थ्याच्या मनाकडे बोट दाखवतो, तसाच हा प्रकार. महिन्याभराने ती मला म्हणाली, “सर, माझ्यामुळे क्लबच्या गोळ्या फुकट जातायत. माझ्यात ते नसेलच, तर मी सोडते.”

लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार आमच्याकडे अधूनमधून येत. त्यांनी हे ऐकले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, तुम्ही पोरीला महिनाभर विचारताय. बंदुकीला एकदा तरी विचारलंत का?” मी म्हटले, “बंदुकीला कसं विचारायचं, सुभेदारसाहेब?” ते म्हणाले, “आधी माणसाला मधून काढायचं. मग ती बोलते.” दुसऱ्या दिवशी ते दोन पिशव्या घेऊन आले.

माणसाला मधून काढायचे म्हणजे काय, हे आता नीट समजून घेऊ.

माणूस बंदूक हातात धरतो तेव्हा ती कधीच स्थिर नसते. छाती वरखाली होते, नाडीचा ठोका पट्ट्यातून आणि खांद्यातून लाकडापर्यंत पोचतो, स्नायू थकतात. गोळी चुकली तर या साऱ्यांपैकी कोण दोषी हे सांगता येत नाही; आणि त्यात बंदुकीचा स्वतःचा दोष, काडतुसांचा दोष, वाऱ्याचा दोष मिसळलेला असतो. पाच जणांनी मिळून केलेल्या हिशेबात चूक निघावी आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे बघावे, तशी ही स्थिती. यावर उपाय एकच, एकेकाला हिशेबातून बाजूला करणे. सगळ्यात मोठा चुकणारा माणूस, म्हणून आधी त्याला बाजूला करायचे. बंदूक भक्कम टेबलावर दोन आधारांवर ठेवायची. पुढचा आधार लाकडी भागाच्या पुढल्या टोकाखाली, मागचा दस्त्याखाली. नेमबाजाने खुर्चीवर बसायचे, दुर्बिणीतून पाहायचे आणि चाप ओढायचा; बाकीचे ओझे आधारांवर सोपवायचे.

अमेरिकेत या पद्धतीचा स्वतंत्र खेळच झाला आहे. बेंचरेस्ट हे त्याचे नाव, आणि त्याची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली. या खेळाच्या मुख्य प्रकारात लक्ष्याच्या मध्याला गोळी लागली का, हे पाहत नाहीत. पाच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या, हे मोजतात. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर घ्यायचे. ज्याचे अंतर कमी तो जिंकला. त्यातले निष्णात लोक शंभर यार्डांवर पाच गोळ्या अशा मारतात, की कागदावर कडेने थोडेसे फाटलेले एकच भोक दिसते. त्यांच्यापाशी कारखान्यात बनलेले, लोखंडी पायांचे, स्क्रूंनी वरखाली होणारे आधार असतात हे खरे. पण त्या लोखंडावर बंदूक टेकते तेथे शेवटी एक वाळूची पिशवी असते, आणि दस्त्याखाली तर निखळ पिशवीच असते. लोखंड उपलब्ध असताना ही माणसे वाळूवर का विसंबतात?

त्यासाठी थोडे गणित करावे लागेल. घाबरू नका, त्रैराशिकाच्या पलीकडे ते जात नाही.

पुढचा आणि मागचा आधार यांत ६० सेंटीमीटर अंतर आहे असे धरा. पुढचा आधार जागच्या जागी आहे आणि दस्ता एका केसाएवढा, म्हणजे एक दशांश मिलिमीटर, खाली गेला. नळीचे तोंड तितक्या प्रमाणात वर उचलले जाईल. ६० सेंटीमीटरात एक दशांश मिलिमीटर, तर पन्नास मीटरात किती? उत्तर येते सुमारे ८.३ मिलिमीटर. आता पन्नास मीटरच्या रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे जे वर्तुळ असते, त्याचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे. म्हणजे दस्त्याखाली एका केसाचा फरक पडला, तर नेम जवळजवळ एक अख्खे वर्तुळ ओलांडून जातो. हातांनी केसाचा फरक सांभाळणे किती अवघड, हे मी आपल्याला सांगायला नको.

दुसरे गणित याहून महत्त्वाचे आहे. चाप ओढला आणि काडतूस पेटले, की गोळी पुढे निघते आणि बंदूक मागे निघते. धक्का गोळी सुटून गेल्यावर बसतो अशी पुष्कळांची समजूत असते. ती चूक आहे. गोळी नळीतून पुढे सरकत असतानाच बंदूक मागे सरकू लागलेली असते. पॉइंट टू-टूच्या गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम, बंदूक ५ किलोची धरली तर ती गोळीच्या सुमारे १,९०० पट जड. गोळी नळीतले ६० सेंटीमीटर पार करते तेवढ्यात बंदूक त्याच्या १,९०० व्या हिश्शाने मागे जाते, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर. दारूच्या वायूंच्या वजनाने त्यात किंचित भर पडते. वेळ लागतो सेकंदाचे काही सहस्रांश. माणसाला एखादी गोष्ट जाणवून हात हलवायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेव्हा त्या क्षणी आपण काहीही सावरू शकत नाही. तीन केसांइतके हे अंतर बंदूक मागे जाणारच. ती कशी जाईल, एवढेच आधी ठरवून ठेवणे आपल्या हाती आहे.

नवशिक्याची कल्पना असते, की बंदूक शिकंजात पकडल्यासारखी आवळून ठेवली की ती स्थिर झाली. मीही तसेच समजत होतो. पण तिला मागे जायचेच आहे. आवळणारी पकड एकदा जास्त घट्ट, एकदा कमी घट्ट झाली, तर ते तीन केसांचे अंतर दर वेळी वेगळ्या वाटेने कापले जाते, आणि वर सांगितल्याप्रमाणे एका केसाचा वाकडेपणा पुरेसा होतो. बंदूक कठीण लाकडावर किंवा दगडावर टेकवली, तर ती धक्क्याने आधारावरून उसळते, आणि कुठे टेकली आहे यावर उसळी बदलते. म्हणून स्थिरतेचा अर्थ न हलणे असा घेऊन भागत नाही. दर वेळी सारख्याच रीतीने हलणे, ही नेमबाजीतली स्थिरता. आजच्या व्याख्यानातले एवढे एकच वाक्य आपण लक्षात ठेवले तरी चालेल.

आता वाळू. वाळू ही मोठी विचित्र वस्तू आहे. ओतली तर पाण्यासारखी वाहते, दाबली तर दगडासारखी उभी राहते. पिशवी भरून तीवर दस्ता दाबला, की प्रथम वाळू वाहते आणि दस्त्याच्या आकाराची खोबण करून देते. कण एकमेकांत बसले, की ती वाहायची थांबते आणि भार पेलते. इंग्लंडातील ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली याचे मर्म सांगितले. दाट बसलेल्या कणांच्या ढिगाला आकार बदलायचा झाला, तर कणांना एकमेकांवर चढावे लागते, आणि त्यासाठी ढिगाला थोडे फुगावे लागते. फुगायला जागाच दिली नाही, तर आकार बदलत नाही. आपण कोकणात समुद्रकाठी ओल्या वाळूवरून चाललात, तर पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, हे पाहिले असेल. पावलाच्या दाबाने वाळू फुगते, कणांमधली जागा वाढते, पाणी आत ओढले जाते, म्हणून वरचा भाग सुकल्यासारखा दिसतो. तेच तत्त्व आपल्या पिशवीत काम करते. गच्च भरलेल्या पिशवीचे कापड वाळूला फुगू देत नाही, म्हणून वाळू आकार धरून राहते. शिवाय धक्का बसला की कण एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात कंप जिरून जातो. रबर किंवा स्प्रिंग दाब परत करते. वाळू तो परत करीत नाही, हा तिचा मोठा गुण.

पिशवी घरी कशी करावी ते आता सांगतो. शिवणाचे यंत्र चालवणारी व्यक्ती घरात असेल तर तिची विनवणी करावी. नसेल तर जाड सुई, नायलॉनचा दोरा आणि धीर, इतके पुरते.

मागच्या पिशवीचे दोन भाग असतात, खालची उशी आणि वरचे दोन कान. उशीसाठी जुन्या जाड जीन्सचा पाय घ्यावा. आडवा ठेवल्यावर वीसेक सेंटीमीटर रुंद असलेला भाग निवडून २७-२८ सेंटीमीटर लांबीचा तुकडा कापावा. तो उलटा करून एक तोंड दुहेरी टीप घालून बंद करावे, आणि दुसऱ्या तोंडाला तीन बोटे जागा मोकळी ठेवून बाकीचे शिवून टाकावे. कानांसाठी तेच कापड किंवा, मिळाल्यास, मऊ चामडे घ्यावे. पंधरा सेंटीमीटर चौरसाचे दोन तुकडे गुंडाळून शिवले, की बाहुलीच्या बैठकीतले दोन लोड वाटावेत अशा नळ्या होतात. त्यांचेही एकेक तोंड मोकळे ठेवावे. हे दोन लोड उशीच्या वरच्या बाजूला, मध्ये एक-दीड सेंटीमीटर जागा सोडून, समांतर शिवून टाकावेत. ही शिवण उशी रिकामी असतानाच घालायची. भरल्यावर सुई चालत नाही. बंदुकीच्या दस्त्याची खालची धार या दोन लोडांमध्ये बसते.

वाळू बारीक आणि गोलसर कणांची असावी. ती दोन-तीन पाण्यांनी धुवावी, म्हणजे माती निघून जाते, आणि उन्हात कागदावर पसरून पूर्ण वाळवावी. ओलसर वाळू भरली तर महिन्याभरात कापडाला बुरशी येते आणि पिशवी कुजते, शिवाय ओली वाळू गोळे धरते. वाळल्यावर पिठाच्या जाड चाळणीने चाळावी. चाळताना तोंडाला आणि नाकाला फडके बांधावे, आणि हे काम उघड्यावर करावे. वाळूची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, ही गोष्ट दगडखाणीत काम करणाऱ्यांनी फार महाग किंमत देऊन जगाला शिकवली आहे.

भरताना नरसाळे लावावे. प्रथम कान भरावेत, अगदी टणक होईपर्यंत. जुन्या काळी शेर-पायलीने धान्य मापीत, तेव्हा माप हलवून ठोकून भरले तर त्याच मापात जास्त धान्य मावते हे गिऱ्हाईक आणि वाणी दोघांनाही ठाऊक असे. येथे आपण गिऱ्हाइकाच्या बाजूने वागायचे. थोडी वाळू घालावी, पिशवी टेबलावर आपटावी, पुन्हा घालावी. उशी मात्र कानांपेक्षा किंचित सैल ठेवावी, म्हणजे तळ टेबलावर सपाट बसतो आणि बाजूने हाताने दाबली तर दस्ता किंचित वर येतो. एवढ्या आकाराच्या उशीत सुमारे दोन लिटर वाळू मावते, आणि कोरड्या वाळूचे वजन लिटरला साधारण १.६ किलो धरले तर ती सव्वातीन किलोच्या आसपास भरते. वजन हवेच. हलकी पिशवी धक्क्याबरोबर सरकते. काही लोक प्रवासात ओझे नको म्हणून प्लॅस्टिकचे मणी किंवा तांदूळ भरतात. मणी हलके असून थोडे उसळतात, आणि तांदळात पावसाळ्यात काय होते ते प्रत्येक गृहिणी जाणते. शेवटी मोकळी तोंडे दुहेरी शिवून बंद करावीत.

पुढची पिशवी याच रीतीची, पण रुंद आणि कानांशिवाय. तिच्या मध्यावर हाताच्या कडेने उथळ घळ पाडावी. तिच्याखाली सपाट फळ्या रचून उंची जुळवावी, म्हणजे बसणाऱ्याला मान वाकवावी लागत नाही. फळ्या डुगडुगता कामा नयेत, आणि टेबल तर मुळीच नाही.

बंदूक पिशवीवर ठेवताना दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, नळी कधीही पिशवीवर टेकवू नये. लाकडी भाग टेकवावा. गोळी सुटताना नळी तारेसारखी कंप पावते, तिला मध्येच आधार लागला की तो कंप बदलतो. दुसरी, लाकडाचा ठरावीक भागच दर वेळी पिशवीवर आला पाहिजे. खडूची बारीक खूण करून ठेवली तर सोपे जाते. पट्टा अडकवायची कडी पिशवीवर आपटत असेल तर ती काढून ठेवावी. दमट हवेत कापड लाकडाला धरून ठेवू लागते. अशा वेळी कानांवर थोडी शंखजिऱ्याची भुकटी चोळली, की दस्ता सुरळीत सरकतो.

मग परीक्षा. ही सारी मैदानावर, तेथील प्रमुखाच्या देखरेखीखाली करायची. बंदूक रिकामी असल्याची खात्री स्वतः करून, दुसऱ्यालाही करायला लावून, ती पिशव्यांवर ठेवावी आणि दुर्बिणीची फुली लक्ष्याच्या मध्यावर आणावी. आता हात काढून घ्यावेत. फुली जागेवर राहिली पाहिजे. ती सावकाश घसरत असेल तर वाळू अजून बसते आहे, पिशवी आणखी भरावी. मग बंदूक दोन सेंटीमीटर मागे ओढून पुन्हा पुढे न्यावी. फुली आपल्या जागी परत आली तर पिशव्या सरळ रेषेत आहेत. बाजूला गेली तर मागची पिशवी वाकडी ठेवली आहे. एवढे जमले, की पिशवी कामाला तयार झाली. आपल्याकडे शस्त्र बाळगण्यास १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे, आणि परवान्याचे बंधन असलेली बंदूक परवान्यावाचून कोणी हाताळू नये, हेही येथेच सांगून ठेवतो. पिशवी घरी करावी, नेमबाजी मैदानावर.

आता त्या मुलीकडे परत येऊ. सुभेदारांनी तिची बंदूक पिशव्यांवर ठेवली आणि तिलाच बसवले. मी बसतो म्हणालो, तर म्हणाले, “नाही, तीच बसेल. आरोप तिच्यावर आहे.” तिने पाच गोळ्या मारल्या. कागद आणला तेव्हा तीन भोके एका जागी, आणि दोन भोके तीन बोटे वर, डावीकडे. पुन्हा पाच मारल्या. पुन्हा दोन पुंजके. मग त्यांनी मला बसवले. माझेही दोन पुंजके पडले.

माणसाच्या चुकीने गोळ्या पसरतात, पण सहसा चहूकडे पसरतात. दोन स्वच्छ पुंजके पडले, की बंदुकीत काहीतरी दोन जागी बसते आहे, असा संशय घ्यावा. सुभेदारांनी नळी आणि लाकूड जोडणारे स्क्रू तपासले. पुढचा सैल होता. पावसाळ्यात लाकूड फुगले, मग सुकून आकसले, आणि स्क्रूची पकड गेली. दर धक्क्याला नळी लाकडात कधी या जागी, कधी त्या जागी बसत होती. स्क्रू आवळला आणि पाचही गोळ्या एका बोटाखाली झाकल्या जातील अशा पडल्या. महिनाभर जिच्या मनाची मी तपासणी केली, तिचे मन ठीक होते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “सर, मला वाटलं मी वेडीच झालेय.” हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

पिशवी नेहमी माणसाच्या बाजूनेच निकाल देते असे मात्र समजू नका. त्यानंतर आमच्या मैदानावर बंदुकीला नावे ठेवणारे पुष्कळ जण पिशवीसमोर बसले, आणि बहुतेकांची बंदूक निर्दोष सुटली. पिशवी कोणाची भीड धरीत नाही. पण तिच्यापुढे बसतानाही प्रामाणिक राहावे लागते. पाच गोळ्यांचा एखादा पुंजका नशिबानेही छान पडतो. तो कागद खिशात घालून वर्षभर मिरवायचा आणि बाकीचे नऊ कागद टोपलीत टाकायचे, हा मोह नेमबाजांना सर्वत्र होतो. निदान पाच-सहा पुंजके मारून सर्वांची सरासरी घ्यावी, तीच खरी.

आणि एक दोष दूर झाला, की मागचा दिसू लागतो. अमेरिकेतील डॉ. फ्रँकलिन मॅन या गृहस्थाने गोळी नेमकी कशाने चुकते, याचा शोध घेण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. त्याने जड, अचल चौथरा बांधून त्यावर नळी ठेवली; माणसाला जवळजवळ पूर्णपणे वगळले. तरीही गोळ्या एका भोकातून जाईनात. मग त्याने गोळ्यांकडे पाहिले. मुद्दाम गोळ्यांची टोके बिघडवून मारल्या, तळ बिघडवून मारल्या. आणि टोकाच्या बिघाडापेक्षा तळाचा बिघाड फार अधिक घातक ठरतो, असे त्याला आढळले. नळीतून शेवटी बाहेर पडतो तो तळ. तो वाकडा असेल तर मागचे वायू गोळीला एका बाजूने ढकलतात. १९०९ साली त्याने हे सारे ग्रंथरूपाने छापले. आधार स्थिर झाला नसता, तर गोळीचा तळ दोषी आहे हे त्याला कधीच कळले नसते.

कोणी विचारील, की मग ऑलिंपिकमध्ये पिशवी का देत नाहीत? कारण तेथे कसोटी माणसाची असते. आपल्या देशातील रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, आणि तिचे संस्थापक लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर हे आपले मराठी गृहस्थ. त्या परंपरेतून पुढे आलेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक. या खेळात बंदुकीखाली पिशवी चालत नाही; हाताला पट्टा मात्र चालतो. गंमत अशी, की थ्री पोझिशनमध्ये गुडघा टेकून मारायचा जो भाग असतो, त्यात घोट्याखाली एक भरलेली गोल उशी ठेवण्याची मुभा नियमाने दिली आहे. लांबी २५ सेंटीमीटर, व्यास १८ सेंटीमीटर, याहून मोठी नको. म्हणजे पिशवी तेथेही आहे. पण ती बंदुकीच्या खाली नसून माणसाच्या पायाखाली आहे.

सामन्यात माणसाची परीक्षा घ्यायची, तर त्याच्या हाती दिलेले हत्यार खरे आहे याची हमी आधी कोणीतरी दिली पाहिजे. ते काम टेबलावरची वाळूची पिशवी करते. आपल्यापैकी फारच थोडे लोक बंदूक हाती घेतील, आणि न घेतली तरी काही बिघडत नाही. पण घरात, शाळेत, कचेरीत कोणाचे काही चुकत असते आणि आपण त्याच्या मनाकडे, निष्ठेकडे, नाहीतर बुद्धीकडे बोट दाखवायला निघालेले असतो. तेव्हा त्याच्या हातातले साधन एकदा पिशवीवर ठेवून पाहावे. स्क्रू सैल असण्याची शक्यता आपल्याला वाटते तितकी लहान नसते.

ती मुलगी अजून मैदानावर येते. नवीन मुले आली की त्यांच्या हाती बंदूक देण्याआधी ती दोन्ही स्क्रू तपासते, आणि पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून एकेक पिशवी शिवून घेते.